सलोख्याचे थेंब

टाकीतल्या सगळ्यात लहान माशाला त्या सकाळी शेपूट उरलं नव्हतं.

शलाका केळुसकर चहाचा कप घेऊन ऑफिसात आली आणि दारातच थबकली. रत्नागिरीतल्या त्यांच्या बंगल्याची तळमजल्यावरची समुद्राकडची खोली म्हणजे तिचं वकिलीचं ऑफिस. एका भिंतीला टेबल आणि कायद्याची पुस्तकं, समोरची भिंत अख्खी काचेच्या टाकीनं व्यापलेली. त्या टाकीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले वीसेक क्लाऊनफिश. इतकी वर्षं ते शहाण्या मुलांसारखे एका समुद्रफुलाभोवती गुण्यागोविंदानं फिरत होते. आज त्यांच्यात रणकंदन चाललं होतं. एक मोठा मासा तीन लहानांना कोपऱ्यात कोंडून चावत होता. दोघांनी एकमेकांचे जबडे धरले होते. पाण्यात खवले तरंगत होते.

टाकीच्या वर बसवलेला छोटा पंप गप्प होता. त्यातून दर थोड्या वेळानं पाण्यात औषधाचा एक थेंब पडायचा. नळीच्या तोंडाशी मीठ साचून नळी बंद झाली होती. शलाकानं नवऱ्याला फोन लावला. डॉ. अभिराम केळुसकर परिषदेसाठी लिस्बनला गेला होता आणि त्याचा फोन बंद होता. तिनं जखमी मासे बादलीत काढले आणि पंपाचं संध्याकाळी बघू म्हणून कामाला लागली. संध्याकाळी ते राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशीही.

मग पाटणे आला. एका बांधकाम कंपनीचा हा माणूस महिन्यातून एकदा कागद घेऊन यायचा, आणि शलाका त्याच्या कंपनीच्या विरोधातल्या आपल्या अशिलांना तडजोडीला राजी करायची. पाटणेनं नेहमीसारखी न विचारता खुर्ची ओढली आणि चार म्हाताऱ्यांची घरं रिकामी करून घेण्याचे कागद पुढं सरकवले.

"मॅडम, सही तेवढी करा. वाचायचं काय त्यात? तुम्हाला कुठं एवढा वेळ असतो."

हे वाक्य तिनं त्याच्या तोंडून कितीदा ऐकलं असेल. दरवेळी ती हसली होती. आज तिच्या कानशिलाशी काहीतरी तापलं.

"उठा," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"उठा म्हटलं. माझ्या ऑफिसात बसायला मी सांगितल्याशिवाय बसायचं नाही. आणि तुमच्या साहेबांना सांगा, ते चौघं म्हातारे घरं सोडणार नाहीत. आता कोर्टात भेटू."

पाटणे कागद गोळा करत निघून गेला. शलाकानं त्याच्यामागं दार धाडकन लावलं. हा राग होता, हे तिला आश्चर्यानं जाणवलं. तरुणपणी हा तिच्या घरचाच माणूस होता. न्यायाधीशसुद्धा तिच्या उलटतपासणीला दचकून असत. तो राग केव्हा निघून गेला आणि आपण त्याला शोधलं का नाही?

तिनं मान वळवली. टाकीत सगळ्यात मोठ्या माशानं आणखी एकाला काचेवर दाबून धरलं होतं.

पंप बंद पडला. मासे जागे झाले. आणि ती?

योगायोगावर विश्वास ठेवणं तिच्या धंद्यात बसत नव्हतं.

*

क्लाऊनफिश एका टाकीत दोनापेक्षा जास्त ठेवू नयेत, हे मासे पाळणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. समुद्रात ही मंडळी एका समुद्रफुलात चार-सहा राहतात, पण तिथं मोठी कडक उतरंड असते. सगळ्यात मोठी असते ती मादी. तिच्याखालचा तिचा नर. त्याच्याखालचे सगळे लहानखुरे, वाढ रोखून धरलेले. वरच्यापेक्षा मोठं व्हायचं नाही, झालं तर हाकलपट्टी, आणि फुलाबाहेर गेलेला मासा जगत नाही. मादी मेली तर तिच्याखालचा नर स्वतःच मादी होतो आणि प्रत्येक जण एक पायरी वर सरकतो. म्हणजे प्रत्येक क्लाऊनफिशच्या डोक्यात वरची जागा घ्यायची ओढ कायम धुमसत असते. काचेच्या टाकीत पळायला जागा नसते. तिथं ही ओढ खुनावर उतरते.

अभिरामनं शोधलं ते या ओढीचं कुलूप. माशाच्या मेंदूत व्हॅसोटोसिन नावाचं एक द्रव्य असतं. ते ठरावीक पेशींवरच्या कुलपात किल्लीसारखं बसलं की माशाला आपली जागा, आपला अपमान, आपला हक्क कळतो. अभिरामनं असा एक रेणू बनवला, जो त्या कुलपात आधीच जाऊन बसतो. किल्ली बाहेरच राहते. मग मासा खातो, पोहतो, सगळं करतो, फक्त त्याला कुणाला मागं सारावंसं वाटत नाही. 'सागरिका' नावाच्या कंपनीनं तो रेणू 'सलोखा' या नावानं बाजारात आणला, आणि घराघरात एकाच टाकीत वीस-वीस, तीस-तीस क्लाऊनफिश दिसू लागले. दवाखान्यात, कचेऱ्यांत, हॉटेलांत, वसतिगृहांत. मासे बघितले की मन शांत होतं, असं लोक म्हणू लागले. ज्या कचेरीत टाकी आली तिथली भांडणं मिटली. मालक लोकांनी तर टाक्यांची रांगच लावली. आता राज्यातल्या प्रत्येक शाळेत एक टाकी बसवायचा प्रस्ताव सरकारपुढं होता.

शलाकाच्या ऑफिसातली टाकी सगळ्यांच्या आधीची. औषध बाजारात येण्यापूर्वी अभिरामनं ती तिला वाढदिवसाला दिली होती. त्याच्या आदल्याच आठवड्यात दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. सोनवड्याच्या खाडीत कोळंबीच्या एका कारखान्याचं घाण पाणी जात होतं. ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणाऱ्या बायकांच्या पायांना फोड येत होते. चंद्रभागा तांडेल हिची सून पायाची जखम चिघळून गेली होती. त्या बायकांची केस शलाका लढवत होती, आणि कारखान्याचे मालकच अभिरामच्या प्रयोगशाळेला पैसा पुरवत होते. केस सोड, असं तो म्हणाला. तिनं त्याला काय काय सुनावलं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं. मग टाकी आली. "माझं चुकलं," असं म्हणून त्यानं ती स्वतः उभी राहून बसवून घेतली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या बायका याच खोलीत, याच टाकीसमोर बसल्या. कारखान्याचा वकील आला. आणि सगळ्यांनी, शलाकासकट, शांतपणे तडजोडीवर अंगठे उठवले, सह्या केल्या.

अभिराम या खोलीत कधी बसत नसे. दारात उभा राहूनच बोलायचा. अगदी आत यावंच लागलं तर तोंडाला मास्क लावायचा. "खाऱ्या हवेची अॅलर्जी आहे मला," म्हणायचा. जन्म समुद्रकाठी काढलेला माणूस.

*

नसीम काझी मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवायची. शलाकाची शाळेपासूनची मैत्रीण. तिनं बाटलीतलं औषध, टाकीतलं पाणी आणि खोलीतल्या एसीच्या जाळीवरची धूळ, तिन्ही तपासलं आणि शलाकाला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं.

"बस आधी," ती म्हणाली. "माशांचं व्हॅसोटोसिन म्हणजे नऊ मण्यांची माळ समज. आपल्या मेंदूतही तशीच माळ असते, व्हॅसोप्रेसिन. नऊच मणी. फक्त तिसरा मणी वेगळा. कुलूप जवळजवळ तेच. जे माशाच्या कुलपात बसतं ते आपल्याही बसणार."

"पण मी टाकीतलं पाणी प्याले नाही."

"पाण्यात बुडबुडे सोडता ना? बुडबुडा फुटला की डोळ्यांना न दिसणारे तुषार हवेत उडतात. समुद्रावर ओठ खारट होतात ना, तसंच. बंद खोली, एसी, दिवसभर तू आत. नाकातून मेंदूपर्यंतचा रस्ता किती जवळचा असतो तुला माहितीय? एसीच्या जाळीवर हे औषध सापडलंय, शलाका. भरपूर."

"त्याच्या निबंधात तर लिहिलंय की हवेत काही जात नाही. सरकारला प्रतिज्ञापत्र दिलंय तसं."

"खोटं आहे ते."

त्या वर्षांत आपण झोपाळलो नव्हतो, काही विसरलोही नव्हतो, हे शलाकाला आठवत होतं. अपमान कळायचा, पण लागायचा नाही. अन्याय दिसायचा, पण तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटायचा. लोक म्हणायचे, शलाका आता किती निवळली. तिलाही ते वयाचं देणं वाटलं होतं.

"पोलिसांत जाऊ," नसीम म्हणाली.

"जाऊन काय सांगू? मासे ठेवल्यामुळं मी भांडायची थांबले? हसतील. माझ्या रक्तात काय होतं याचा पुरावा कुठाय? त्याला माहीत होतं, हे फक्त तोच सांगू शकतो."

"तो कशाला सांगेल?"

तिथून शलाका सरळ सोनवड्याला गेली.

चंद्रभागा जाळ्याला गाठी मारत अंगणात बसली होती. शलाकानं सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. माशांच्या टाकीतलं औषध, हवेत उडणारं, राग मारणारं. त्या दिवशी तुम्हा सगळ्यांच्या नाकात गेलेलं.

चंद्रभागेनं जाळं खाली ठेवलं. ती उठली, शलाकासमोर आली आणि तिनं फाडकन तिच्या मुस्कटात मारली.

"ही तवाची," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "वकीलबाई, माजी सून चिखलात सडून गेली. आनि मी त्या कारखानेवाल्याच्या मानसासमोर बसलंय, तो चाय पितोय, आनि मला त्याचा गळा धरावासा वाटला नाय! घरी येऊन मी स्वताला इचारलंय, रोज इचारलंय, की बाये, तुजा जीव होता का नाय त्या पोरीवर? माजा ल्योक माज्याशी बोलत नाय. म्हंतो, तुला तिचा काय बी नव्हता."

शलाकाच्या गालावर आग होत होती. तिनं हात लावला नाही.

"तुमचा जीव होता तिच्यावर," ती म्हणाली.

"ता मला तू नको सांगूस. माज्या ल्योकाला सांग. आनि कोर्टात सांग."

परतताना गाडीत शलाकाला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तिच्या पोटात एक थंड, लखलखीत गोष्ट तयार झाली होती. मला अभिरामचं वाईट व्हायला हवंय. त्यानं स्वतःच्या तोंडानं स्वतःचं वाईट करावं, आणि मग त्याला ते कळावं.

*

अभिराम परतला तेव्हा मासे पुन्हा शांत होते. शलाकानं पंप साफ केला होता, आणि शेपूट गेलेल्या माशाच्या जागी तसाच दुसरा आणून सोडला होता. तिच्या नाकपुड्यांत नसीमनं दिलेल्या कोळशाच्या बारीक जाळ्या होत्या. दम्याच्या पेशंटांना देतात तशा, बाहेरून न दिसणाऱ्या.

पहिल्या जेवणाला तिचा कस लागला.

"आमटी पाणचट झालीय," तो म्हणाला. "पाटणेचा फोन आला होता तुझ्याबद्दल. काय झालं?"

"डोकं दुखत होतं त्या दिवशी," ती हसून म्हणाली. "उद्या बोलावते त्याला."

त्यानं तिच्याकडं निरखून पाहिलं, मग मान हलवून जेवू लागला. टेबलाखाली शलाकानं रुमाल असा आवळला होता की नखं तळव्यात रुतली.

वरच्या मजल्यावरची त्याची खोली म्हणजे एक किल्लाच होता. एसीला कोळशाची जाड गादी, दारं घट्ट बंद. सायनससाठी खोलीत रात्रंदिवस वाफेचं एक यंत्र चालू असे. तो आंघोळीला गेला असताना तिनं कोळशाची गादी काढून तिच्याजागी साधा स्पंज बसवला. वाफेच्या यंत्रात सलोख्याचे थेंब घातले. रोज घालत राहिली.

नसीमला कळलं तेव्हा ती चिडली. "मग तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला?"

"मी त्याला नंतर सांगणार आहे. हा फरक."

"तेवढा पुरतो?"

"नाही पुरत," शलाका म्हणाली. "तरी मी करणार."

या औषधाची खरी करामत तिला आता बाहेरून दिसली. ज्याला ते दिलं जातं त्याला संशय येत नाही, कारण संशयाला जी धार लागते तीच बोथट झालेली असते. पहिल्यांदा त्यानं आमटीबद्दल बोलणं सोडलं. मग ड्रायव्हरवर ओरडणं. एक दिवस ती खाली काम करत असताना तो चहा घेऊन आला, मास्क न लावता, आणि समोरच्या खुर्चीत बसला.

"किती सुंदर आहेत गं हे," टाकीकडं बघत तो म्हणाला. "मी कधी नीट बघितलेच नाहीत."

तो तिचं ऐकू लागला. म्हाताऱ्यांच्या घरांची केस तिनं सांगितली तर मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकली, वर विचारलं, "मग आता त्यांचं काय?" संध्याकाळी तो तिच्याबरोबर समुद्रावर यायला लागला. लहानपणी बापाच्या भीतीनं होडीखाली लपून बसायचो, असं एकदा म्हणाला. पंचवीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्यानं कधी सांगितली नव्हती.

आणि शलाकाला आवडलं. तेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं. एका संध्याकाळी वाळूत बसल्यावर त्यानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिच्या मनात आलं, राहू दे असंच. कुणाला कळणार? थेंब घालत राहायचं. त्यालाही सुख, मलाही.

मग तिला कळलं की इतकी वर्षं त्यालाही नेमकं हेच वाटलं असणार. न भांडणारी, हसरी, खांद्यावर डोकं टेकणारी बायको. त्यालाही ती आवडली असणार. हे कळल्यावर तिला त्याची दया यायला हवी होती. उलट तिच्या अंगावर शहारा आला आणि तिनं त्याचं डोकं हलकेच बाजूला केलं.

*

शाळांच्या प्रस्तावावर तज्ज्ञ समितीची जाहीर सुनावणी होती. अभिराम आपल्या खोलीतूनच स्क्रीनवर हजर राहणार होता. ती सुनावणी कुणालाही घरबसल्या पाहता येणार होती.

आदल्या दुपारी त्यानं विचारलं, "ते विचारतील, मुलांवर काही परिणाम होतो का म्हणून. काय सांगू?"

उत्तर त्याला पाठ होतं. गेल्या सहा वर्षांत त्यानं ते कित्येक ठिकाणी ठणकावून सांगितलं होतं. पण ठणकावणं आता त्याच्यात उरलं नव्हतं.

"खरं असेल ते सांग," शलाका म्हणाली.

"बरं," तो म्हणाला.

सुनावणीत तिनं त्याच्यासमोर, कॅमेऱ्यापलीकडं, खुर्ची घेतली. वाफेचं यंत्र गुरगुरत होतं. समितीवरच्या प्राध्यापक इंदुमती भालेराव यांनी दोनचार औपचारिक प्रश्न विचारले, मग कागद बाजूला ठेवला.

"डॉक्टर केळुसकर, हे औषध हवेत उडतं का?"

"हो," अभिराम म्हणाला.

स्क्रीनवरचे चेहरे हलले.

"आपल्या प्रतिज्ञापत्रात तर नाही असं लिहिलंय."

"हो. ते खोटं आहे."

"माणसावर परिणाम होतो?"

"होतो. राग येत नाही. अपमान लागत नाही. माणूस पटकन कबूल होतो." त्याचा स्वर सौम्य होता, वर्गात समजावून सांगावं तसा. "कंपनीला माहितीय. म्हणून तर कचेऱ्यांत एवढा खप आहे."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या बायकोवर पाहिलं. तिच्या ऑफिसात टाकी ठेवली. तिची खाडीची केस होती. तिच्या अशिलांवरही परिणाम झाला त्या दिवशी. सगळ्यांनी सह्या केल्या."

कंपनीचा वकील काहीतरी ओरडला आणि त्याची चौकट काळी झाली. अभिरामनं कॅमेऱ्यावरून नजर उचलून शलाकाकडं पाहिलं, बरोबर सांगितलं ना, असं विचारल्यासारखं.

तिनं मान डोलावली.

त्याच संध्याकाळी तिनं वाफेचं यंत्र धुऊन कोरडं केलं आणि कोळशाची गादी परत बसवली. आता तो जागा व्हायला हवा होता. झोपेतल्या माणसावर सूड उगवून काय मिळतं?

*

तो हळूहळू जागा झाला. आधी चहा गार आहे म्हणून कप आपटला. मग दिवसभर खोलीत येरझाऱ्या घातल्या. एका सकाळी नाश्त्याला खाली आला तो डोळे तांबारलेले, जबडा ताठ. शलाकानं हा चेहरा लगेच ओळखला. शेजारच्या खोलीत नसीम बसून होती आणि समोरचं दार सताड उघडं होतं.

"मी असं का बोललो?" तो म्हणाला.

"तूच सांग. तुझंच औषध आहे."

तो जिना चढून वर गेला. वाफेचं यंत्र घेऊन खाली आला, त्याचं धुऊन लख्ख केलेलं भांडं पाहिलं, आणि यंत्र भिंतीवर फेकलं. प्लास्टिकचे तुकडे नाश्त्याच्या टेबलावर आदळले.

"तू मला... माझ्या घरात! तुला सोडणार नाही मी. आत्ताच्या आत्ता पोलिसांत जातो. सांगतो त्यांना, माझ्या बायकोनं मला गुंगवलं, मी शुद्धीत नव्हतो, ती साक्ष रद्द!"

"जा की. मी गाडी काढते," शलाका म्हणाली. "कशानं गुंगवलं म्हणून सांगशील?"

त्यानं तोंड उघडलं.

"सलोख्याच्या वाफेनं, असंच ना? म्हणजे वाफेचा परिणाम होतो. म्हणजे तू साक्षीत बोललास ते खरं. आणि परिणाम होत नाही म्हणालास, तर मग तू पूर्ण शुद्धीत होतास. तरीही ते खरं. कुठलं सांगतोस, बोल. मी लिहून देते तुला."

तो खुर्चीत बसला. त्याच्या चेहऱ्यावर एकेक दार बंद होताना ती बघत होती, आणि एवढी गोड गोष्ट तिनं आयुष्यात पाहिली नव्हती.

"मी तुझा छळ केला नाही कधी," तो अखेर म्हणाला. "तू सुखात होतीस."

"तूही होतास. गेले काही दिवस. आवडलं ना?"

त्याच्या डोळ्यांत जो द्वेष उतरला तो अस्सल होता, ताजा होता. शलाकाला तो समोरासमोर हवा होता.

ती त्याला ओळखून होती. खोटारडा म्हणवून घेणं त्यानं पचवलं असतं, तो महिनाभर गप्प राहिला असता आणि वकिलांनी काहीतरी वाट काढलीही असती. पण कंपनीनं हात झटकताना जाहीर केलं की डॉ. केळुसकरांचं मानसिक संतुलन बिघडलं आहे. वेडा! हे त्याला सोसवलं नाही. तो तडक एका वृत्तवाहिनीवर जाऊन बसला.

"मी पूर्ण शहाणा आहे," तो कॅमेऱ्यात बघून गरजला. "मला हे औषध हुंगवलं गेलं होतं! माझ्या बायकोनं! त्याशिवाय मी असं बोलणं शक्य नाही. त्या औषधाखाली माणूस नाही म्हणूच शकत नाही!"

निवेदिकेनं शांतपणे विचारलं, "म्हणजे डॉक्टर, ते शाळांमध्ये लावलं असतं तर मुलंसुद्धा...?"

अभिराम थांबला. त्याचं बोट हवेतच राहिलं. अख्ख्या राज्यानं त्याला गप्प होताना पाहिलं.

*

त्यानंतरचे दिवस लोक अजून आठवतात. घराघरांत पंप बंद झाले आणि टाक्यांमध्ये कत्तली झाल्या. विसातले दोन उरले. कचेऱ्यांत वर्षानुवर्षं गिळलेले शब्द एकदम बाहेर आले. संप झाले, राजीनामे दिले गेले, काही लग्नं मोडली, आणि एका वसतिगृहातल्या मुलींनी वॉर्डनला तीन दिवस खोलीत कोंडून धरलं. सलोख्यावर बंदी आली. कंपनीच्या संचालकांबरोबर अभिरामलाही अटक झाली.

शलाकावरही गुन्हा दाखल झाला. तिनं स्वतःच पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला होता, काही न लपवता. वकिलीची सनद निलंबित झाली. टाकीतले मासे तिनं भांडणं जुंपण्याआधीच जोड्या लावून ओळखीच्यांकडं वाटून टाकले आणि टाकी भंगारवाल्याला दिली.

सोनवड्याच्या खटल्यात जुनी तडजोड कोर्टानं रद्द ठरवली. संमती मोकळ्या मनानं दिलेली नव्हती, असं निकालात म्हटलं. खटला नव्यानं सुरू झाला, दुसऱ्या वकिलाच्या हाती. शलाका साक्षीदार म्हणून उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. मागच्या बाकावर चंद्रभागेचा मुलगा आईच्या शेजारी बसून ऐकत होता. साक्ष संपली तेव्हा त्यानं आईचा हात आपल्या हातात घेतलेला शलाकाला दिसला. चंद्रभागेनं शलाकाकडं पाहिलं नाही.

त्याच दिवशी अभिरामलाही साक्षीला आणलं होतं. व्हरांड्यात दोघं समोरासमोर आली. पोलीस त्याच्या दोन्ही बाजूंना. तो बारीक झाला होता, पण मान ताठ होती.

"समाधान झालं?" त्यानं दात आवळून विचारलं.

शलाकानं खरंच विचार केला.

"नाही," ती म्हणाली. "अजून राग येतोय मला. सकाळी उठले की येतो. तुझं काय?"

"मलाही येतो," तो म्हणाला.

"येऊ दे," ती म्हणाली आणि बाजूला होऊन तिनं त्याला कोर्टाच्या दाराकडं वाट करून दिली.